चौदा नंबर

बुटीबोरीच्या मिलमध्ये मी टेंभुर्णे,
धंतोलीच्या दवाखान्यात नुसता लिफ्टवाला दादा.
तिथं अंगठा, इथं सही.
सॅनिटायझरनं अंगठ्याच्या रेघा इतक्या झिजल्या
की मिलचं मशीन दोनदा नाही म्हणते.
पँटला पुसतो,
तिसऱ्यांदा मी मीच निघतो.

मधले तास वर्धा रोडवर सांडतात,
मेट्रोच्या खांबांखाली, सिग्नलला.
उरलेले कूलरसमोर,
मे महिन्यात तोही वाफच फेकतो.
निर्गुणा पोरांना म्हणते, हळू बोला न,
बाबा झोपून राहिले.
मला ऐकू येते. सांगत नाही.

बारा तारखेची सही करून निघतो
तेव्हा तेरा उजाडलेली असते,
तिचा अंगठा द्यायला पुन्हा तीच गाडी,
तेच पेट्रोल, रिझर्वला लागलेलं.

काल रात्री अडीचला स्ट्रेचर आत घेतलं.
वर एक म्हातारी, हाताला सलाईन,
बाजूला तिचा नातू.
"कोणता मजला, दादा?"
मी म्हणालो, "चौदा नंबर. धागा तुटला."

दवाखान्याला मजले पाच.
पोरगा पांढरा पडला.
माझ्या तोंडून शब्द परत आत जाईना.
लिफ्ट तशीच उभी, दार उघडं, पंखा घरघरत.

म्हातारीनं एक डोळा उघडला.
"तुटला तं गाठ मार न," म्हणाली,
"पाहून काय राहिला!"

सकाळी मिलमध्ये
चौदा नंबर चांगलं चालू होतं.
तरी मी त्याच्यापाशी थोडा वेळ थांबलो.
म्हातारीला कोणत्या मजल्यावर सोडलं,
आठवत नाही.