दोन बोल्ट इकडचे, दोन तिकडचे

तिसऱ्यांदा पिन तुटली तेव्हा
ओर्लिन ट्वेट बर्फातच गुडघ्यांवर बसला.
मिनेसोटातला जानेवारी, उणे बावीस.
ट्रॅक्टर त्याच्याहून एकोणीस वर्षांनी धाकटा,
पिवळा रंग बॉनेटच्या कडेला उरलाय तेवढाच.
इंजिन सुरू, शाफ्ट गप्प,
आणि टपालपेटीपर्यंतची वाट अजून बुजलेलीच.

गॅरेजमध्ये त्याने कपलिंग उघडलं.
भोक गोल राहिलं नव्हतं,
लांबट झालं होतं, चुकून हसल्यासारखं.
पन्नास हिवाळ्यांत एक पिन
एवढंसं लोखंड खाते,
आवाज न करता.
मग करते.

"आता असं बसवतो की मी गेलो तरी तुटणार नाही,"
तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही.
अर्डिस दारात थर्मास घेऊन उभी होती.
रबराची चकती त्याने बादलीत टाकली,
लेथवर पोलादाची कातली, बोटभर जाड,
आणि हाडाला हाड भिडवून वेल्डिंग मारलं.
शाफ्ट फिरला, खणखणीत.
शेजारचा कुत्राही घरात गेला.

अकरा दिवस.
बाराव्या दिवशी गियरबॉक्सचा आस मुळाशी मोडला.
अर्डिसने वाकून कपलिंग पाहिलं,
म्हणाली, "याला काही झालेलं नाही."
त्यावर ओर्लिन दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मार्चमध्ये त्याने धान्याच्या कोठारातून
जुन्या कन्व्हेयरच्या पट्ट्याचा तुकडा आणला,
रबरात कापडाचे चार पदर.
कॉफीचा डबा ठेवून गोल आखला.
सुरी दोनदा अडली, एकदा अंगठ्यात.
भोक पुन्हा गोल करून पोलादी बुश ठोकला,
पिनच्या पोटात दुसरी बारीक पिन.
बळकट केलं ते एवढंच.
मग चकतीला दोन बोल्ट इंजिनाकडून,
दोन गियरबॉक्सकडून,
चौघं एकाच रबरात,
इकडचे तिकडच्यांना कधीच न शिवणारे.

"तू बस," तो अर्डिसला म्हणाला,
आणि स्वतः टॉर्च घेऊन चिखलात आडवा झाला.
तिने क्लच जरा झटक्यातच सोडला.
चकती किंचित पिळली,
धक्का कुठेतरी तिच्यातच जिरला,
मग शाफ्ट फिरू लागला, जवळजवळ मुकाट.

उरलेल्या पट्ट्यातून त्याने आणखी एक चकती कापली,
खिळ्याला टांगली.
"म्हणजे ही तुटणार?" अर्डिसने विचारलं.
तो अंगठ्याची पट्टी बदलत होता.
"तुटू दे हिला," म्हणाला.