पाचवी प्रत

टेकाझेच्या खोऱ्यातून पोती येतात गाढवांच्या पाठीवर.
आम्ही अकरा जणी, मांडीवर सुपं,
धुपाचे खडे निवडत बसतो.
मोठा, पांढरा, डोळ्यातल्या थेंबासारखा: पहिली प्रत.
पिवळट झाला की दुसरी.
मग लहान, मग काळपट.
आणि साल, माती, किड्यांचे पाय चिकटलेली
पाचवी.
पाचवीचा भाव कुणी विचारत नाही.

यंदा पाचवीच फार.

माझा भाऊ वेल्देरुफाएल टेकडीवरून उतरला
तेव्हा त्याच्या मुंडाशात भुसा होता, गव्हाचा नव्हे.
म्हणाला, लेतेकिदान, झाडं आतून खाल्लीत.
वारा नसताना फांदी पडते,
दुपारी, आपण खाली जेवत असताना.
खोडाला कान लावला तर
अंधारात कुणी भाजलेले जव चावत बसल्यासारखं
सावकाश, पोटभर.
कागदासारखी साल सोलली की बोटाएवढ्या अळ्या,
पांढऱ्या, पहिल्या प्रतीच्या.
(हे बोलून तो हसला. मी नाही.)

वडील एका खोडाला तीन चिरे द्यायचे
आणि पुढल्या वर्षी त्या झाडाकडे बघायचेही नाहीत,
बाळंतिणीच्या खोलीकडे बघू नये तसं.
आता ठेकेदाराचं पोतं मोठं आहे.
बारा चिरे, कधी चौदा,
जुनी जखम सुकायच्या आत पुन्हा तासायची.
भाऊ रात्री हत्याराला तेल लावत म्हणाला,
डिंक झाडाने आपल्यासाठी केलाच नव्हता.
एवढंच. मग दिवा विझवला.
मला झोप लागली नाही.

आज सुपात एक खडा आला.
उजेडाकडे धरला तर आत
राखाडी भुंगेरा, अख्खा,
अंगापेक्षा लांब मिशा मागे वळलेल्या,
एक पाय उचललेला, जणू उंबरा ओलांडतोय.
चिऱ्यातून आत शिरायला आला असेल
आणि झाडाकडे त्या दिवशी
पुरेसं होतं.

मुकादम गेब्रेझगी वाकला, बघितलं, म्हणाला, पाचवी.
माझा हात पाचव्या टोपलीपर्यंत गेला.

संध्याकाळी दारात झडती असते,
पदर झटकायचा, केस सोडायचे.
मी खडा गालात ठेवला.
कडू. मग लिंबासारखा. मग घराघरात
कॉफीबरोबर निखाऱ्यावर चढतो तो वास,
पण नाकातून नव्हे, घशाकडून.
रखवालदार म्हणाला, उद्या लवकर ये.
मी मान हलवली.

घर दोन कोस.
खडा ऊबेने मऊ होत चाललेला,
जिभेला काहीतरी बारीक टोचायला लागलं,
मिशी असेल, किंवा तो उचललेला पाय.
मी दात उघडे ठेवून चालत राहिले.