बाण

वाळपईच्या प्रयोगशाळेत माझं काम नळ्या फिरवायचं,
आणि कागदावर बाण उमटला की तो आकडा पुन्हा तपासायचं.
बाण वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी.
मधल्या रेघा किटच्या डब्यात घडी घालून येतात,
कुठल्याशा थंड देशातल्या
थोराड माणसांच्या दंडांतून मोजून घेतलेल्या.

चवथीनंतर ब्रह्मकरमळीची एक बाई आली,
पोराचा कागद ओच्यात खोचून.
अल्कलाइन फॉस्फेटेज तीनशे चाळीस. बाण वर.
शेजाऱ्यांनी कावीळ ठरवली होती,
दंडाला कसलीशी मुळी बांधली होती,
पंधरा दिवस मासळी बंद.
डॉक्टर मेल्बांनी कागद पालथा ठेवला
आणि पोराची पँट पाहिली:
घोट्याच्या चार बोटं वर.
"कधी शिवली?"
"मे महिन्यात."
"हा आजारी नाही गो. हा वाढतोय."

हाडं लांबताना ते रक्तात उतरतं,
करवत चालली की भुसा सांडतो तसं.
आमचा कागद भुशालाच आजार म्हणत होता.

म्हणून आम्ही आमच्या पोरांचे आकडे मोजायला निघालो.
निरोगी मूल शोधणं सोपं,
त्याचं रक्त मागणं कठीण.
"काय जालां नासताना तोपतलीं कित्याक?"
एका बापाने विचारलं.
मी म्हटलं, उद्या कुणाला काही झालं तर ओळखता यावं म्हणून.
त्याने सही केली, पण माझ्याकडे न बघता.

शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत बाक जोडले.
बर्फाची पेटी मासळीवाल्या दुमिंगची,
तीनदा धुऊनही बांगड्याचा वास.
"बाय, दुखतलें?"
"मुंगी चावते तेवढंच."
"तांबडी काय काळी?"
नुरैन बेपारी आधी हसली, मग रडली, मग बिस्किटाचे दोन पुडे घेऊन गेली.
बिलिरुबिनला ऊन सोसत नाही,
म्हणून नळ्यांना काळा कागद गुंडाळला.
वर साकळलेलं पाणी पेजेच्या निवळीसारखं स्वच्छ;
एकच नळी माझ्या हातून हिंदकळली
आणि कोकमाच्या आगळासारखी लाल झाली.
ती फेकली. त्या पोराला पुन्हा टोचलं.
चूक माझी, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरें.

फॉर्ममध्ये प्रश्न होते:
ताप? गोळ्या? घरात कुणाला यकृताचा आजार?
उन्मेष माजीक, वय अकरा, तिथे थांबला.
"बाबांक आशिल्लो."
मला ठाऊक होतं. ते कागद मीच छापले होते,
एका पानावर सहा बाण, सगळे वर,
आणि तिसऱ्या खेपेनंतर त्या नावाचा कागदच आला नाही.
मी डॉक्टरांकडे पाहिलं.
"दारू हाडामांसातून येत नाही," त्या म्हणाल्या,
"पोर धडधाकट आहे. घे त्याला."
मुठीत चेंडू दाबून तो सुईकडे बघत राहिला.
"म्हजें मेजतलीं मगो?"
"होय. तुझंही मोजणार."

आता आकडे चढत्या क्रमाने लावलेत.
नियम असा की शंभरातले अडीच वरून सोडायचे, अडीच खालून.
अर्धं मूल कसं सोडतात, ते पुस्तकात नाही.
पण ती पाच पोरंही झाडावर चढतात,
डबा खातात, वहाळात डुंबतात.
रेघ मारायचीच, तर कुणीतरी रेघेबाहेर जाणार,
आणि उद्या त्यांच्याच कुणाच्या तरी आईला
ओच्यात बाण खोचून यावं लागणार.
तिला काय सांगायचं, ते मी अजून शोधतेय.

नावं झाकलेली असतात, बघायची नसतात.
मी एक बघितलं.
यादीच्या ऐन मध्यावर,
मागेपुढे पोरांची दाटी,
शोधायला गेलं तर चुकेल असं:
बावीस.
पुढे काही नाही.
मी बोटाने पुसून पाहिलं, खरंच काही नाही.