पाऊण तास

तीन चालतात. चौथा सुरू होतो, पण असा घरघरतो
की पोरं त्याला ट्रॉलर म्हणतात.
बाकीच्यांच्या पोटात खारा वारा शिरलाय;
एक उघडला तर आत हिरवट गंज
आणि पालीची दोन अंडी.
देवगडचा माणूस येतो म्हणालाय, गणपतीआधी.
कुठल्या गणपतीआधी, ते बोलला नाही.

सातवीची अठरा मुलं, पडदे तीन.
पुस्तकात एक वाक्य: दिवसातून दोन वेळा भरती येते.
अठरा जणांनी ते पाठ म्हटलं
आणि खिडकीबाहेर, वाक्याला न जुमानता,
पाणी कालच्यापेक्षा उशिरा चढत राहिलं.
"सर, काल ह्या टायमाक पायरी बुडलेली,"
हर्षाली तारी म्हणाली.

उत्तर मला येत होतं.
जिभेवर आलेलं ते मी माशाच्या काट्यासारखं
जपून मागे घेतलं, खडू खिशात टाकला.
म्हटलं, "बुडते कधी, ते लिहून आणा."

मग बांबू आला, ऑइलपेंटचे पट्टे आले,
जेटीच्या खांबाला सुंभाची गाठ बसली.
कुणाच्या बापाचं घड्याळ आलं, ते सात मिनिटं पुढे.
आधी त्या घड्याळावरून भांडण,
मग पाणी थांबलं कधी यावरून.
"पाणी थांबत नाही, विचार करतं,"
अफीफा सोलकर म्हणाली, आणि ट्रॉलरवर
दोन रकाने उघडले गेले:
विचार सुरू. विचार संपला.
तिसऱ्यात दोघांचा मध्य.
हे मी शिकवलेलं नाही.

एकवीस दिवस आकडे नुसते साठत गेले,
वाळत घातलेल्या सुक्यासारखे.
बाविसाव्या दुपारी कुणीतरी एक बटण दाबलं
आणि ते सगळे उठून एका रेषेत चालू लागले.
वर्ग गप्प.
फक्त गुरुवारी रेषेला एक दात आलेला,
किडका, बाहेर डोकावणारा.
गौरांग खवणेकर बाकाखाली रबर शोधू लागला.
त्या दिवशी मॅच होती. आकडा त्याने घरून आणलेला.

पुसायचा? नऊ म्हणाले पुसा, आठ म्हणाले राहू दे.
"पुसून थंय काय घालशीत? तोय खोटोच आकडो."
शेवटी गौरांगनेच त्याला लाल रंग दिला,
शेजारी एकेक अक्षर शोधत टाइप केलं:
पाणी बघितलं नाही.
त्याच्या वहीत पाच वर्षं मी जे शेरे मारले
ते सगळे मिळून एवढे खरे नव्हते.

हर्षालीचं बोट मात्र मधल्या खोलगटात अडकलेलं.
"हयसर पाणी निजलां."
दारात तिचा आजा, डबा घेऊन,
चपला बाहेर काढून आलेला, देवळात यावं तसा.
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "भांग. अष्टमीचो."
शब्द आला तो असा, सगळ्यांत शेवटी.
त्याची जागा तोवर पोरांनी करून ठेवली होती.

"आणि रोज पाऊण तास पुढे," आजा म्हणाला,
"तिथीची पाऊणपट केलंस की भरती."
तिने रकाने बघितले. ओठ हलले.
"आजो, आमचां एकावन मिनटां येता.
तुजो पाऊण तास सा मिनटांनी उणो."
तो हसला, सगळी सुपारी दाखवत.
"म्हणानच गो, चाळीस वर्सां
माजी होडी सा मिनटां आधीच तयार."
आणि जाता जाता, उंबऱ्यात थांबून,
"तू दिवस मोजतंस. मी तिथी मोजतंय."

दिवस आणि तिथी. किती फरक पडतो?
अठरा तोंडं माझ्याकडे वळली.
ह्या वेळी मला गिळावं लागलं नाही.
मला खरंच माहीत नव्हतं.

केंद्रप्रमुखांनी विचारलं, हा धडा कितवा?
मी दाखवायला वळलो तर वर्ग रिकामा,
एक सतरा झालेले, पाणी विचारात पडायची वेळ,
बाकांवर उघडे डबे,
आणि ट्रॉलर एकटाच घरघरत,
आजच्या कोऱ्या रकान्यात ती उभी रेघ
लुकलुकत, लुकलुकत.