आवाज आहे, चित्र नाही

फोनवर त्या एवढंच म्हणाल्या :
आवाज आहे, चित्र नाही.
कधीपासून?
नवरात्रापासून.
आणि आता होळी तोंडावर.

कुर्ला, नेहरूनगर, इमारत एकोणनव्वद, तिसरा मजला.
दारावर अजून यजमानांच्याच नावाची पाटी : द. रा. लोटलीकर.
पाटीखाली बेल. दाबली. मेलेली.
कडी वाजवली.

काळ्या पडद्यात आम्ही दोघं दिसत होतो,
मागे खिडकी, खिडकीत वाळत घातलेली चादर.
आत मात्र कोणी बाई सुनेला घराबाहेर काढत होती,
मोठमोठ्याने.

खोलीतला दिवा घालवला.
मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका टेकवला.
इकडून बघा, म्हटलं, वाकून.
त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या.
काळोखाच्या तळाशी, विहिरीत पडलेल्या कळशीसारखा
एक चेहरा हलत होता. कानात डूल, ओठ चालू.
"अगोबाई, ही इथेच आहे?"
इथेच. चित्र कुठे जात नाही.
मागचा उजेड जातो.

मग पलंगावर रजई, रजईवर टीव्ही पालथा.
अठरा स्क्रूंची भोकं, स्क्रू सोळा,
दोन माझ्याआधीचा कोणी घेऊन गेला.
पाठ उघडली की घर कळतं :
फोडणीचा तेलकट थर, उदबत्तीची राख,
आणि पालीची दोन अंडी, रिकामी, कागदी.
बोर्डाच्या उबेला बाळंतपण उरकून गेलेली.

कपॅसिटर बघितले. डोकी सपाट, फुगलेलं कोणी नाही.
मीटर लावला. व्होल्टेज क्षणभर उसळतं
आणि खाली बसतं.
म्हणजे देणारा देतोय.
घेणाऱ्यांतच कुणीतरी तुटलंय.

टीव्ही सुलटा केला, चौकट काढली.
काच उचलताना मी बोलत नाही.
काठाला त्या फिती असतात, केसाहून बारीक तारांच्या;
एक दुमडली की सगळा टीव्ही भंगारात.
काचेचं दुसरं टोक बाईंच्या हातात होतं.
दुसरं कोण होतं घरात.
त्यांनीही श्वास धरला.

खाली तीन पट्ट्या, पट्टीवर सात-सात दिवे.
एकवीसातले वीस ठणठणीत.
मधल्या ओळीतला चौथा करपलेला,
तिळाएवढा.
पण सगळे एकाच माळेत ओवलेले,
एक गेला की माळच बसते.
यावर मला एकदा काहीतरी मोठं सुचलं होतं,
घाटकोपरला, कुणाच्या तरी पोटमाळ्यावर.
विसरलो.

एकटा दिवा बदलू नये.
नवा जुन्यांत डोळ्यात भरतो, पडद्यावर पांढरा डाग उठतो,
शिवाय बाकीचेही त्याच वयाचे.
मॉडेल नंबर फोनवरच विचारला होता,
पट्ट्या येताना लॅमिंग्टन रोडवरून घेतल्या होत्या.
लावल्या. दुधी कागद जसे निघाले तसे परत घातले.
एकात केस राहिला.
माझा नव्हे, पांढरा, लांब.
परत उघडलं.

चालू केला. बाई चष्मा पुसून खुर्चीत बसल्या.
सून आली. मग सासू.
"ही?" त्या म्हणाल्या. "इतकी कोवळी?
मला वाटायची साठीची, जाडी,
आमच्या वन्संसारखी."
जरा वेळाने :
"आणि ह्या वकिलाला तर मी मिशा लावल्या होत्या."

मी सेटिंगमध्ये शिरलो.
बॅकलाइट शंभरावर होता, साठावर आणला.
पूर्ण उजेडात लवकर जळतात, म्हटलं.
"अजून कमी होतो?"
होतो. चाळीस.
"अजून?"
रिमोट त्यांच्या हातात दिला.

पंधराशे झाले होते, बाराशे घेतले. चहा घेतला.
निघताना बाहेरून बेलचं बटण उघडलं.
वायर नुसती सुटलेली.
जोडली, दाबून बघितली.
आतून टीव्हीचा आवाज बारीक झाला,
खुर्ची सरकली.
"कोण आहे?"
दार बंद होतं.
मी आहे, म्हटलं, मीच.
बेल बघत होतो.