दोन तारे

रात्रीचे साडेनऊ. चार हजार मीटर उंचीवर
यास्ना बुटांतली तांब्याची धूळ झटकते,
गरम कप कपाळाशी धरते
आणि लॅपटॉप उघडते.

खाली, आठ-नऊशे किलोमीटरवर, कोकिंबोच्या टेकडीवर
टीव्हीखालची साबणाच्या वडीएवढी पेटी
अजून जागी आहे.
हिरवा ठिपका. जोडणी झाली.

एक हजार एकशे बारा गेम.

दिवसभर तिनं तीनशे टनांचा ट्रक हाकला,
भरलेला वर, रिकामा खाली, पुन्हा भरलेला वर.
आता ती एकेकाचं बारसं करत बसते.
कुणाचं साल चुकलंय.
कुणाच्या अंगावर दुसऱ्याचंच चित्र,
बुद्धिबळाच्या नावापुढे उडणारी डुकरं.
एकाच बेडकाच्या तीन नोंदी:
एक जपानी, एक युरोपातली, एक बेवारस.
तिन्ही बेडूक त्याच रस्त्यावर चिरडतात.
ट्रकवाल्याच्या बाजूनं कुणी गेम का लिहिला नाही,
तिला दर वेळी वाटतं.
दोन पुसते. तिसऱ्याला साल देते.

वारा उठला की कर्सर अडतो.
थांबायची तिला सवय आहे.

पण मंगळवारी नीट लावलेलं
बुधवारी विस्कटलेलं असतं.
डॉन निबाल्दो नव्हेत, त्यांना रिमोटची भीती वाटते.
‘कोडी’ असा तिनं केलेला प्रकार
आता ‘आजोबांना जमणारे’ झालाय.
आणि एक नवाच प्रकार, तिनं न काढलेला:
‘कुत्रा मरत नाही असे’.
त्यात चार गेम.

पहिल्या दिवशी तिनं तो उडवला. हाताच्या सवयीनं.
तो परत आला.
तिसऱ्या रात्री राहू दिला.
चौथ्या रात्री एक गेम शेवटापर्यंत खेळून,
खात्री करून,
तिनं तो स्वतःच पाचवा म्हणून तिथं ठेवला.

फोनवर लाउतारो म्हणतो, बरा आहे.
जेवलो.
हो.
नऊ वर्षांच्या मुलाचे शब्द फोनवर संपतात.
वर्णनाच्या चौकटीत मात्र संपत नाहीत.

तळाशी एक फाइल, नाव नसलेली.
यंत्र सगळीकडे शोधून येतं: जुळणारं काही नाही.
जुळणार कसं?
अकराव्या वर्षी मासिकातून ओळ ओळ उतरवून
दोन दुपारी तिनंच टाइप केलेला तो,
एक ठिपका, काही भिंती, भिंतींना भोकं,
बिस्किटांच्या डब्यातल्या कॅसेटवर इतकी वर्षं गप्प.
ती पुसणार होती.
पण चौकटी कुणीतरी भरून ठेवल्या होत्या.

निर्माती: आई.
साल: आजोबांचा टीव्ही काळापांढरा होता तेव्हा.
खेळाडू: एक. पण दुसरा शेजारी बसू शकतो.
वर्णन: तिसऱ्या भिंतीशी मी नेहमी मरतो.
भोक फार लहान आहे. मुद्दाम केलंस का?
तारे: पाचपैकी दोन.

यास्ना इतकी हसते की वरच्या पलंगावर
रोसाल्बा कूस बदलून शिवी घालते.

मग ती जुनी ओळ उघडून बघते.
एकशेचाळीसावी. आठाच्या जागी तीन.
उतरवताना बोट घसरलं असणार,
किंवा आईनं हाक मारली असणार. आता कोण सांगणार?
आठ करायला एक क्षण पुरे.
ती करत नाही.
त्याच चौकटीत, त्याच्या खाली लिहिते:
मुद्दाम नव्हतं. आकडा चुकला.
भिंतीला चिकटून ये, सोळा पावलं मोज,
सोळाव्याला श्वास घेऊ नकोस.

आणि हळूच, चोरासारखी,
दोनाचे तीन तारे करते.

पाचला गजर. ट्रक. भरलेला वर.

दुसऱ्या रात्री वाऱ्यानं जोडणी लागेना.
दहाला लागली. अकराच्या सुमारास यादी उतरली.
तिच्या ओळीखाली एक ओळ:
पोचलो. चौथी भिंत याहून वाईट आहे.

तारे: दोन.