चौथं पिल्लू

जिना चढताना क्लिफर्ड दोनदा थांबला.
"रेशमावर काढलंय म्हणतेस?"
जणू रेशीम म्हणजे चैनच झाली.

हॅलिफॅक्सच्या कुणा गिरणीमालकाने
बोटीतून आणलेलं हे जपानी चित्र
वर्षातून सहाच आठवडे भिंतीवर असतं;
उरलेले दिवस गुंडाळून अंधारात निजतं.
दिवा मंद. काचेत आधी आम्हीच दिसलो,
माझा स्कार्फ, त्याची चपटी टोपी,
मग हळूहळू पिल्लं आली.

चार. चिमणीची. बांबूच्या काटकीवर खेटून.
पंख म्हणावेत तर पंख नाहीत,
ओल्या रेशमावर शाई टेकवून
ती पसरायच्या आत कुणी श्वास रोखला असावा,
तेवढंच अंग.
तिघांच्या चोची वासलेल्या,
कडांना ती पिवळी, मऊ किनार.
चौथं मात्र मान आत ओढून, डोळे मिटून.
मी म्हटलं, हे आजारी आहे. किंवा रुसलंय.
रुसलेलं कुणी असलं की मला लगेच सापडतं.

क्लिफर्डने चष्मा कपाळावर नेला.
चाळीस वर्षं त्याने शर्यतीची कबुतरं पाळली,
परसातल्या हिरव्या खुराड्यात.
गेल्या मार्चमध्ये शेवटची जोडी देऊन टाकली.
काचेला नाक टेकेल इतका तो वाकला.
रखवालदार बाई खोकल्या. हा हलला नाही.

"गळ्याखाली बघ त्याच्या.
फुगलंय. शाई तिथे किंचित दाट.
आत्ताच जेवलंय ते.
आणि हे तिघं एकाच बाजूला बघतायत.
म्हणजे ती तिकडून गेली. आत्ता, एवढ्यात."

मी तिकडे पाहिलं.
कोरं रेशीम, चहाच्या रंगाचं,
कोपऱ्यात तांबडा शिक्का.
इतका वेळ ती जागा मी
रिकामी म्हणून सोडून दिली होती.

मग मी त्याला आमची म्हण सांगितली:
ज्याने चोच दिली तो चाराही देतो.
त्याने ती जरा वेळ चघळली.
"देत असेल," म्हणाला. "फेऱ्या मात्र आईच मारते."

बसथांब्यावर वारा बोचरा.
तिकिटासाठी त्याने खिशात हात घातला
तर नाण्यांबरोबर मक्याचा एक दाणा वर आला,
अस्तराच्या शिवणीत अडकून राहिलेला.
त्याने तो अंगठ्याने पुसला,
ड्रायव्हरला दोन पौंड दिले,
आणि दाणा परत खिशात ठेवला.